पडद्यावरच्या गावाला जाताना

सिनेमात पाहिलेल्या जागी एकदा जाऊन उभं राहावं, ही हौस पुष्कळांना असते. ती भागवायला निघालेली माणसं बहुधा दोनपैकी एका चुकीत सापडतात. काही जण नेहमीच्याच सहलीत गाइडच्या तोंडून 'इथे अमक्याचं शूटिंग झालं होतं' एवढं ऐकतात, तेवढ्यात गाडी पुढे निघते. बाकीचे पंधरा ठिकाणांची यादी घेऊन धावत सुटतात आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबतात. मी दोन्ही केलंय. दुसरा प्रकार जास्त दमवतो आणि त्यातलं आठवतही कमी.

आता मी अशी सहल एकाच नियमावर आखतो. पूर्ण सिनेमाच्या मागे लागायचं नाही, त्यातला एखादाच प्रसंग पकडायचा आणि त्या प्रसंगाच्या जागेला पुरेसा वेळ द्यायचा. बाकीचं सगळं या नियमातूनच निघतं.

पहिलं काम: प्रसंग निवडा

सिनेमा पुन्हा पाहण्याआधी एक कागद घ्या आणि डोळे मिटल्यावर ज्या जागा दिसतात त्या लिहा. तीनच. चौथी आठवायला जोर लावावा लागत असेल, तर ती सोडून द्या. मग सिनेमा लावा, त्या तीन प्रसंगांशी थांबा आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हे स्क्रीनशॉट पुढे सतत लागणार आहेत.

इथेच एक गंमत होते. मनात ठसलेला प्रसंग पडद्यावर पुन्हा बघितला की लक्षात येतं, त्यात जागा जवळजवळ दिसतच नाही. सगळा क्लोजअपचा आणि पार्श्वसंगीताचा खेळ होता. असा प्रसंग यादीतून काढून टाका, कारण तिथे पोहोचल्यावर समोर फक्त एक भिंत असेल. ज्या प्रसंगात लाँग शॉट आहे, जिथे पात्रं लहान आणि भूप्रदेश मोठा आहे, त्याच्यासाठी प्रवास केलेला सहसा फुकट जात नाही. जॉर्डनचं वादी रम हे त्याचं उत्तम उदाहरण. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) तिथे चित्रित झाला, 'द मार्शियन' (२०१५) मध्ये तेच वाळवंट मंगळ झालं आणि 'ड्यून' (२०२१) मध्ये आणखी एक परका ग्रह. तिन्हींपैकी एकही सिनेमा न पाहिलेला माणूससुद्धा तिथून रिकाम्या हाताने परतत नाही.

दुसरं काम: जागा खरंच ती आहे का, हे शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कथा जिथे घडते आणि कॅमेरा जिथे लागतो, ही दोन वेगळी गावं असणं हे सिनेमात इतकं रोजचं आहे की उलट कधी घडलं तरच आश्चर्य वाटावं. 'कॅसाब्लांका' (१९४२) पाहून मोरोक्कोला जाणाऱ्याला त्यातलं एकही दृश्य तिथे सापडणार नाही, कारण तो कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत बनला. 'ब्रेव्हहार्ट' (१९९५) स्कॉटलंडची कथा सांगतो, पण त्याचं बरंचसं चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालं. 'द लास्ट समुराई' (२००३) मधलं जपानी खेडं न्यूझीलंडच्या तारानाकी भागात उभारलं होतं. आपल्याकडेही तेच. 'दबंग' (२०१०) ची गोष्ट उत्तर प्रदेशातली, शूटिंग वाईचं. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) मधला गाडी पकडण्याचा तो शेवटचा प्रसंग कथेत पंजाबातला आहे, आणि ते स्टेशन आहे रायगड जिल्ह्यातलं आपटा!

त्याहून फसवा प्रकार म्हणजे जोडकाम. पडद्यावर जे एक घर दिसतं, ते प्रत्यक्षात तीन ठिकाणांचं मिळून बनलेलं असतं. 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) मधल्या त्या कुटुंबाच्या घराची दर्शनी बाजू ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या फ्रोनबुर्ग वाड्याची आहे, तळ्याकाठचे प्रसंग लिओपोल्ड्सक्रोन तळ्याच्या काठावरचे आहेत आणि घराच्या आतलं हॉलिवूडमधल्या स्टुडिओत उभं केलेलं. 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' (१९८९) मध्ये नायक जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीतल्या, खडकात कोरलेल्या खजिना-वास्तूच्या दारातून आत शिरतो आणि आत भलंमोठं भुयारी जग उघडतं. प्रत्यक्षात त्या दाराच्या आत एक साधी कोरी खोली आहे आणि पर्यटकांना आत सोडत नाहीत. हे आधी माहीत असलं की माणूस दाराशी हिरमुसत नाही, बाहेरच्या त्या गुलाबी कोरीव दर्शनी भागाकडेच नीट बघतो.

शोध घ्यायचा कसा? सिनेमा संपल्यावर सरकणारी श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा. आभारांच्या यादीत गावं, राजवाडे, रेल्वे विभाग, वनखातं यांची नावं येतात. मग त्या प्रदेशाच्या पर्यटन विभागाने किंवा फिल्म कमिशनने (चित्रीकरणाला मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेने) काढलेला चित्रीकरणस्थळांचा नकाशा आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी असा नकाशा मिळतो. चित्रीकरणाच्या पडद्यामागच्या फिती आणि छायाचित्रकारांच्या मुलाखती यांतूनही नेमकी जागा हाती लागते.

शेवटची खात्री मात्र स्वतःच्या डोळ्यांनी करायची. स्क्रीनशॉट एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला नकाशावरचं रस्त्याच्या पातळीवरून दिसणारं दृश्य उघडा. डोंगराची आकाशरेषा जुळते का, ते आधी बघा, कारण घरं पडतात, झाडं तोडली जातात, पण डोंगराचा माथा पन्नास वर्षांतही तोच राहतो. खिडक्यांची संख्या, जिन्याचं वळण, पुलाच्या कमानी हेही मोजा. नुसत्या ब्लॉगवर विसंबू नका. एकाने चुकीचं लिहिलं की उरलेले वीस जण तेच उतरवून काढतात, आणि एकवीस ठिकाणी वाचलं म्हणून आपल्याला ते खरं वाटू लागतं.

तिसरं काम: आता तिथे काय उरलंय?

'शोले' (१९७५) साठी कर्नाटकात रामनगरजवळ एक आख्खं गाव उभारलं होतं. ते शूटिंगनंतर काढून टाकलं. आज तिथे गेलात तर खडक भेटतील, गाव भेटणार नाही. पण ते खडकच इतके जबरदस्त आहेत की जाणं वाया जात नाही. तिथली रामदेवरबेट्टा टेकडी आता गिधाडांचं अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे अभयारण्याचे नियम पाळावे लागतात.

सेट हा मुळातच काही आठवडे टिकण्यासाठी बनवलेला असतो, हे ध्यानात ठेवलं की निम्म्या निराशा टळतात. न्यूझीलंडमधल्या मटामाटाजवळच्या मेंढपाळाच्या शेतावर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी हॉबिटन उभारलं, ते असंच तात्पुरत्या सामानाचं होतं आणि शूटिंगनंतर त्यातलं बरंचसं मोडलं. पुढे 'हॉबिट' सिनेमांच्या वेळी ते पक्क्या सामानात पुन्हा बांधलं म्हणून आज पाहायला मिळतं. माल्टात 'पॉपाय' (१९८०) साठी बांधलेलं लाकडी खेडं अजून उभं आहे आणि आता ती करमणुकीची जागा झाली आहे. स्पेनच्या बुर्गोस प्रांतातली सॅड हिल स्मशानभूमी तर मला सगळ्यात आवडते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) च्या शेवटच्या प्रसंगासाठी स्पॅनिश सैनिकांच्या मदतीने हजारो खोट्या कबरी रचल्या होत्या. नंतर त्यांच्यावर माती आणि गवत चढलं. २०१५ पासून चाहत्यांनी स्वतः फावडी घेऊन तो मधला गोल चौथरा उकरून काढला. खोट्या स्मशानभूमीचा जीर्णोद्धार, आणि तोही स्वयंसेवकांनी केलेला!

सुट्या वस्तूंचं नशीब वेगळं असतं. 'फॉरेस्ट गम्प' (१९९४) मधलं बाक शोधत अमेरिकेच्या सवाना शहरातल्या चिपेवा चौकात गेलात तर बाक मिळणार नाही. ते शूटिंगपुरतं आणलेलं होतं आणि आता शहरातल्या संग्रहालयात आहे. 'नॉटिंग हिल' (१९९९) मधलं मूळ निळं दार लिलावात विकलं गेलं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक जागेपुढे एक शब्द लिहा: निसर्ग, इमारत, सेट किंवा वस्तू. निसर्ग बहुधा जागेवर असतो. इमारत असते, पण तिचा रंग आणि वापर बदललेला असू शकतो. सेट आणि वस्तू यांची ताजी बातमी काढल्याशिवाय तिकीट काढू नका.

चौथं काम: परवानगी, तिकीट, बंदी

जागा आहे म्हणजे आत सोडतीलच असं नाही. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचं खडकाळ बेट आहे. 'स्टार वॉर्स'च्या २०१५ आणि २०१७ च्या भागांमुळे ते जगभर पोहोचलं, पण त्याआधी कितीतरी शतकं तिथे भिक्षूंचा मठ होता आणि १९९६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. बेटावर उतरता येतं ते साधारण मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच, ठरावीक परवानाधारक बोटींनी. वर चढायला ६१८ दगडी पायऱ्या, कठडे नाहीत, स्वच्छतागृह नाही. एवढं करूनही समुद्र खवळलेला असला की त्या दिवशीची फेरी रद्द. अशा ठिकाणासाठी आधी ते बुकिंग करायचं आणि मग विमानाचं. आणि बुकिंगच्या पुढचा एक दिवस रिकामा ठेवायचा.

थायलंडची माया बे ही दुसऱ्या प्रकारची शिकवण. 'द बीच' (२०००) नंतर तिथे एवढी गर्दी लोटली की प्रवाळ मरू लागलं. २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला, तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. आता बोटी मागच्या बाजूला थांबवतात, समोरच्या पाण्यात पोहायला बंदी आहे आणि वर्षातले काही आठवडे किनारा पुन्हा बंद ठेवतात. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राने सांगितलेली माहिती अशा जागी काही कामाची नाही.

परिस्थितीही बदलते. 'आरआरआर' (२०२२) मधलं ते गाजलेलं नाचाचं गाणं २०२१ मध्ये कीव्हच्या मारिन्स्की राजवाड्यासमोर चित्रित झालं. त्यानंतर काही महिन्यांतच तिथे युद्ध सुरू झालं. तिकिटं काढण्याआधी आपल्या परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचना वाचायला पाच मिनिटं लागतात.

आणि खासगी घरं. 'द गूनीज' (१९८५) मधल्या, अमेरिकेतल्या अस्टोरिया गावच्या घराभोवती इतके चाहते फिरू लागले की २०१५ मध्ये मालकांनी घर ताडपत्रीने झाकून टाकलं. 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत छतावर पिझ्झा भिरकावण्याचा प्रसंग आहे. लोक खरोखर त्या घराच्या छतावर पिझ्झे टाकू लागले आणि शेवटी तिथल्या कुटुंबाला कुंपण घालावं लागलं. खासगी घर यादीत असलंच तर रस्त्याच्या पलीकडून एक फोटो, दोन मिनिटं, निघा. बेल वाजवायची नाही, अंगणात पाय टाकायचा नाही, आणि घराचा पत्ता आपल्या फोटोखाली लिहायचा नाही.

पाचवं काम: महिना आणि तास ठरवा

स्क्रीनशॉटमध्ये ऋतू वाचता येतो. पिवळी सरसों फुललेली आहे म्हणजे हिवाळा. आल्प्सच्या कुरणात फुलं आहेत म्हणजे उन्हाळा. डिसेंबरात गेलात तर तेच कुरण बर्फाखाली असेल. पडद्यावरची हिरवळ पाहून निघालेला माणूस मे महिन्यात पोहोचला आणि समोर पिवळं गवत निघालं, हे फार वेळा होतं.

तासाचंही तसंच. सावल्या कुठे पडल्यात ते बघा आणि नकाशावर ती जागा कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते तपासा. पूर्वाभिमुख दर्शनी भागावर सकाळीच ऊन असतं. पेट्राच्या खजिना-वास्तूवर ऊन साधारण सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येतं, आणि तिथे पोहोचायला आधी सव्वा किलोमीटरची अरुंद घळ चालावी लागते. मी एकदा एका किल्ल्यावर दुपारी चार वाजता पोहोचलो. सूर्य नेमका तटबंदीच्या मागे. सगळ्या फोटोंत किल्ला म्हणजे काळा ठोकळा. सकाळी तीच चढण चढलो असतो तर हवा तो सोनेरी दगड समोर असता. पाच मिनिटांचा अभ्यास मी टाळला होता.

वाहनाची वेळ हीच जागेची वेळ असेल तर आणखी काटेकोर राहा. स्कॉटलंडचा ग्लेनफिनन पूल २१ कमानींचा आहे आणि 'हॅरी पॉटर' सिनेमांतून तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पण पूल रिकामा पाहण्यात मजा नाही, त्यावरून वाफेची गाडी जायला हवी. ती गाडी वर्षातले काही महिनेच धावते. तिचं वेळापत्रक बघून, तासभर आधी टेकडीवर जागा धरून बसायचं. आणि रुळांजवळ अजिबात जायचं नाही.

सहावं काम: नकाशावर गोळाबेरीज

आता तीन प्रसंगांच्या जागा नकाशावर टिपा. दोन जवळजवळ आणि तिसरी हजार किलोमीटर दूर असेल, तर तिसरी पुढच्या वर्षीसाठी ठेवा. जीव तुटतो, पण ठेवा. उरलेल्या दोन जागांमध्ये मुक्कामाचं एकच गाव निवडा. प्रत्येक जागेला अर्धा दिवस धरा आणि त्या दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात सिनेमाशी काहीच संबंध नसलेलं काहीतरी करा. सगळा दिवस चौकटी शोधत फिरलं की संध्याकाळी डोक्याला मुंग्या येतात.

जागेचं नाव नीट वाचा. वर सांगितलेलं मटामाटा न्यूझीलंडमध्ये आहे. ट्युनिशियात मटमाटा नावाचं गाव आहे, तिथल्या जमिनीखालच्या घरांत पहिल्या 'स्टार वॉर्स' (१९७७) चं शूटिंग झालं. दोन्ही गावं सिनेमासाठीच प्रसिद्ध आणि नावात एका कान्याचा फरक. बुकिंग करताना देशाचा रकाना दोनदा बघा.

उंचीचा हिशेब विसरू नका. 'थ्री इडियट्स' (२००९) च्या शेवटी दिसणारं पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. लेहच मुळात साडेतीन हजार मीटरवर. विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी सरोवराकडे निघणं म्हणजे आजाराला आमंत्रण. लेहमध्ये किमान दोन दिवस शांत बसा, मग पुढे जा.

खर्चाचं थोडक्यात: प्रवेशशुल्क, मार्गदर्शकासह फेरी आणि शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरचं वाहन, हे तीन आकडे लोक धरायला विसरतात. हॉबिटनसारख्या ठिकाणी स्वतःहून भटकता येत नाही, मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. कंबोडियातल्या अंगकोरमध्ये, जिथल्या ता प्रोम मंदिराच्या झाडांच्या मुळांत 'टूम रेडर' (२००१) चित्रित झाला, पास एक, तीन किंवा सात दिवसांचा असतो. एका मंदिरासाठी गेलात तरी तीन दिवसांचा पास घ्या, असा माझा आग्रह राहील.

जागेवर पोहोचल्यावर

पहिली प्रतिक्रिया बहुतेकदा असते, 'एवढंच?' घाबरू नका, तो कॅमेऱ्याच्या भिंगाचा खेळ आहे. लांब पल्ल्याचं भिंग दूरचा डोंगर ओढून पात्राच्या पाठीशी आणून ठेवतं; रुंद भिंग छोटा चौक मैदानाएवढा दाखवतं. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने डोंगर बारका दिसत असेल, तर पुढे जाऊ नका, मागे या. जमेल तेवढं मागे जाऊन झूम करा, डोंगर पुन्हा मोठा होतो. उलट जागा कोंदट वाटत असेल तर रुंद भिंग लावा आणि फोन कमरेच्या उंचीवर धरा.

मग स्क्रीनशॉटमधल्या दोन वस्तू निवडा, एक जवळची आणि एक दूरची. दारामागे कळस येतो, किंवा खांबाच्या डावीकडे शिखर दिसतं, असं काहीतरी. त्या दोन्ही तशाच एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. ती रेषा जुळली की कॅमेरा जिथे ठेवला होता त्याच्या जवळपास तुम्ही उभे आहात. ही जुळवाजुळव करताना जी पंधरा-वीस मिनिटं जातात, ती मला फोटोपेक्षा जास्त आवडतात, कारण दिग्दर्शकाने काय दाखवलं आणि काय कापलं हे तेव्हाच कळतं. बऱ्याचदा चौकटीच्या अगदी बाहेर वाहनतळ असतो.

युटा राज्यात मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाणाऱ्या १६३ क्रमांकाच्या रस्त्यावर फॉरेस्ट गम्प धावायचा थांबला होता. तो वाहता महामार्ग आहे, तरी लोक मधोमध उभे राहून फोटो काढतात. कडेला थांबा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला 'जोकर' (२०१९) चा जिना हा तिथल्या रहिवाशांचा रोजचा रस्ता आहे. नाचायचं असेल तर पिशव्या घेऊन चढणाऱ्या बाईंना आधी वाट द्या. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, 'रोमन हॉलिडे' (१९५३) मध्ये बसलेलं दाखवलं असलं तरी. पॅरिसमधल्या 'आमेली' (२००१) च्या कॅफेत शिरलात तर काहीतरी मागवा, नुसता फोटो काढून बाहेर पडू नका. ड्रोन आणि ट्रायपॉडला वारसास्थळांवर बहुधा परवानगी लागते, ती घरूनच विचारून निघा.

सोबत कोण आहे?

चार जणांच्या गटात सिनेमाचं वेड सहसा एकालाच असतं. उरलेले तिघं त्याच्या स्क्रीनशॉटकडे बघून माना डोलावत असतात. निघण्याआधी त्यांना आख्खा सिनेमा दाखवायचा हट्ट धरू नका, अडीच तास कोणी बसत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर आदल्या रात्री तो एकच प्रसंग दाखवा, पाच-सात मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी जागेवर गेल्यावर 'कॅमेरा कुठे ठेवला असेल?' असं त्यांनाच विचारा आणि आपण गप्प राहा. लहान मुलं हे सगळ्यात लवकर शोधून काढतात, आणि मग फोन त्यांच्याच हातात राहतो.